चावी देण्याआधी व्हिसा: इंग्लंडमधला 'राइट टू रेंट' म्हणजे नेमके काय

इंग्लंडमध्ये घर भाड्याने देताना मालक भाडेकरूचा पगार पाहतो, आधीच्या घरमालकाकडे चौकशी करतो, बँकेचा इतिहास तपासतो. ही सगळी त्याची मर्जी. एक गोष्ट मात्र मर्जीची नाही, कायद्याची आहे: या माणसाला या देशात भाड्याने राहण्याचा हक्क आहे का, हे चावी देण्याआधी तपासणे. यालाच 'राइट टू रेंट चेक' म्हणतात. ही तपासणी केली नाही आणि राहणाऱ्याकडे तो हक्क नव्हता असे पुढे निघाले, तर दंडाची नोटीस घरमालकाच्या नावाने येते.

सगळा गुंता इथूनच सुरू होतो. ज्याच्या खिशाला चाट बसणार तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस नियमात लिहिले आहे त्याहून जास्त मागू लागतो. शेअर कोड (सरकारी संकेतस्थळावरून काढलेला, हक्क तपासण्यासाठीचा कोड) दिला तरी 'व्हिसाचे कार्ड दाखवा' म्हणतो. व्हिसाचे पाच महिने उरलेत म्हटले की 'मग नको'. मुदतवाढीचा अर्ज केलाय म्हटले की फोन उचलणेच बंद. यातले बरेचसे कायद्यात कुठेच नाही. त्यामुळे नियम माहीत असणे मालकाइतकेच भाडेकरूच्याही कामाचे आहे. किंबहुना भाडेकरूच्या जास्तच, कारण समोरच्याला नियम समजावून सांगायची पाळी बहुतेक वेळा त्याच्यावरच येते.

ही जबाबदारी आली कुठून? थेरेसा मे गृहमंत्री असताना ब्रिटनमध्ये बेकायदा राहणाऱ्यांचे जगणे जिकिरीचे करायचे, म्हणजे ते आपणहून देश सोडतील, असे धोरण आखले गेले. नोकरी, बँक खाते, वाहन परवाना आणि घर, प्रत्येक दारावर कागद विचारायचे, आणि विचारायचे ते त्या त्या दारावरच्या माणसानेच. घराच्या दारासाठीची तरतूद २०१४च्या इमिग्रेशन ॲक्टमध्ये आली. १ डिसेंबर २०१४ पासून ती आधी बर्मिंगहॅम, वॉल्सॉल, सँडवेल, डडली आणि वुल्व्हरहॅम्प्टन या भागांत राबवून पाहिली आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून पूर्ण इंग्लंडला लागू केली. फक्त इंग्लंडला. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ही तपासणी नाही, तेव्हा ग्लासगो किंवा कार्डिफमध्ये घर शोधणाऱ्यांनी लेख इथेच सोडला तरी चालेल.

कोणाला लागू, कोणाला नाही

तीन गोष्टी जुळल्या की तपासणी सक्तीची होते. राहणारा १८ वर्षांचा किंवा मोठा आहे, ते त्याचे मुख्य घर असणार आहे, आणि राहण्याबद्दल भाडे दिले जाते आहे. करारावर एकाचेच नाव असले तरी त्या घरात मुख्य घर म्हणून राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची तपासणी करावी लागते. नवऱ्याच्या नावावर करार आहे म्हणून बायकोचे कागद पाहिले नाहीत, ही सबब चालत नाही. उलट, भारतातून आईवडील काही महिन्यांसाठी मुलाकडे आले तर त्यांचे मुख्य घर भारतातच असते. ते पाहुणे आहेत, भाडेकरू नाहीत.

विद्यापीठाची स्वतःची वसतिगृहे आणि विद्यापीठाने नाव सुचवून मिळालेली जागा या तपासणीतून वगळली आहे. नोकरीसोबत मालकाने दिलेले घर, कौन्सिलने वाटप केलेले घर, रुग्णालये, केअर होम्स, निराधारांची वसतिगृहे आणि ७ वर्षे किंवा त्याहून लांब मुदतीचे भाडेपट्टे यांनाही सूट आहे. विद्यार्थ्याने स्वतः शोधून खाजगी मालकाकडून घेतलेल्या खोलीला मात्र नाही.

आता एक सापळा, ज्यात आपली मुले हमखास सापडतात. तिघे मित्र मिळून घर घेतात. एक जण सहा महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात जातो आणि आपली खोली कुणा ओळखीच्याला भाड्याने देतो. कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी तो स्वतःच घरमालक झाला. तपासणीची जबाबदारी त्याची आणि चूक झाल्यास दंडही त्याचाच. मूळ मालकाने ही जबाबदारी आपण घेतो असे लेखी दिले असेल तरच सुटका. तोंडी 'हो हो, राहू दे' पुरत नाही. आपल्या राहत्या घरातली एक खोली पेइंग गेस्टला, म्हणजे तिकडच्या भाषेत लॉजरला, देणाऱ्या कुटुंबांनाही हाच नियम आहे. गावाकडचा आहे, काकांच्या ओळखीचा आहे, याने काही फरक पडत नाही. पैसे घेतले की तपासणी आली.

घर एजंटमार्फत दिले असेल तर ही जबाबदारी एजंटकडे सोपवता येते, पण तेही लेखी करारानेच. एजंट फी घेतो म्हणजे हेही त्यातच आले असेल, असे गृहीत धरणाऱ्या मालकांनी आपला करार एकदा काढून वाचावा.

तपासणी करतात कशी

ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांचे काम सोपे आहे. पासपोर्ट दाखवला की झाले. त्याची मुदत संपलेली असली तरी चालते. पासपोर्टच नसेल तर जन्मदाखला आणि वाहन परवाना अशा ठरलेल्या कागदांची जोडी चालते. मालकाने मूळ कागद हातात घ्यायचा, समोरच्या माणसाचा चेहरा फोटोशी ताडायचा (प्रत्यक्ष किंवा थेट व्हिडिओवर), आणि तारीख घालून प्रत ठेवायची. व्हिडिओवर चेहरा पाहिला तरी मूळ कागद मालकाच्या ताब्यात असावाच लागतो. एप्रिल २०२२ पासून सरकारमान्य डिजिटल ओळख सेवांकडूनही चालू मुदतीच्या ब्रिटिश-आयरिश पासपोर्टची पडताळणी करून घेता येते, पण भाडेकरूवर तिची सक्ती करता येत नाही.

व्हिसावर असलेल्यांची गोष्ट वेगळी. भारतातून शिकायला किंवा नोकरीसाठी आलेल्यांकडे पूर्वी बीआरपी नावाचे गुलाबीसर कार्ड असायचे आणि मालक तेच पाहायचे. ६ एप्रिल २०२२ पासून ते कार्ड या तपासणीसाठी बाद झाले आणि २०२४ अखेर ती कार्डेही संपली. आता ई-व्हिसा, म्हणजे होम ऑफिसकडची (ब्रिटनच्या गृहखात्याकडची) तुमची ऑनलाइन नोंद. तिच्यावर आधारित तपासणी ऑनलाइनच होते.

पद्धत अशी. भाडेकरू आपल्या यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा आणि इमिग्रेशन विभाग) खात्यातून सरकारी संकेतस्थळावर शेअर कोड तयार करतो. हा ९ अक्षर-अंकांचा असतो आणि ९० दिवस चालतो. घरासाठीचा कोड 'आर'ने सुरू होतो, नोकरीसाठीचा 'डब्ल्यू'ने. कंपनीला दिलेलाच कोड मालकाला पाठवला तर तो चालत नाही, आणि मग 'याच्यात काहीतरी गडबड आहे' अशी शंका विनाकारण निर्माण होते. तेव्हा घरासाठी कोड वेगळा काढावा. मालक तो कोड आणि तुमची जन्मतारीख सरकारी पानावर भरतो. त्याला तुमचा फोटो, हक्क आहे की नाही आणि असल्यास कधीपर्यंत एवढे दिसते. फोटोतला माणूस तुम्हीच आहात हे प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर पाहायचे आणि ते पान जपून ठेवायचे. संपले.

हे पान मालकाने स्वतः उघडायला हवे. भाडेकरूने आपल्या फोनवरचा स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ पाठवला आणि मालकाने तो फाइलला लावला, तर कायद्याच्या लेखी तपासणी झालीच नाही. पुष्कळ प्रामाणिक मालक इथेच अडकू शकतात: भाडेकरू वैध, कागद खरा, पण तपासणी चुकीच्या पद्धतीची. भाडेकरूचा हक्क शाबूत असेपर्यंत दंड होत नाही, पण तो पुढे कधी संपला तर बचावाला हाती काही नसते.

नावांचाही एक घोळ असतो. पासपोर्टवर माहेरचे नाव आणि दुसऱ्या कागदावर सासरचे, किंवा एकीकडे वडिलांचे नाव मधे आणि दुसरीकडे गायब. नावे जुळत नसतील तर फरक समजावणारा कागद, उदाहरणार्थ विवाह प्रमाणपत्र, मालकाला पाहावा लागतो. तो हाताशी ठेवलेला बरा.

अजून भारतातच आहात आणि घर आधी ठरवायचे आहे? करार सशर्त करता येतो: सही आज, पण राहायला येण्याआधी तपासणी पूर्ण झाली पाहिजे, या अटीवर. मालकाला हे माहीत नसेल तर सांगा. होम ऑफिसच्या मार्गदर्शनातच ही सोय दिली आहे.

व्हिसाचे थोडे महिने उरलेत, मग?

सर्वात जास्त गैरसमज याच ठिकाणी आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

हक्क दोन प्रकारचे असतात. बेमुदत हक्क म्हणजे ब्रिटिश वा आयरिश नागरिक, किंवा आयएलआर म्हणजे कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळालेले. त्यांची तपासणी एकदाच, पुन्हा कधी नाही. मुदतीचा हक्क म्हणजे स्टुडंट, ग्रॅज्युएट, स्किल्ड वर्कर वगैरे व्हिसावरचे. त्यांची तपासणी करार सुरू होण्याआधीच्या २८ दिवसांत करावी लागते आणि पुढे फेरतपासणी येते.

फेरतपासणी कधी? व्हिसा संपण्याच्या दिवशी, असे बहुतेक मालकांना वाटते. नियम तसा नाही. पहिल्या तपासणीपासून १२ महिने किंवा व्हिसाची अखेरची तारीख, यांतली जी नंतर येते ती मुदत. ती संपायच्या आत फेरतपासणी केली की मालक सुरक्षित. म्हणजे तुमच्या व्हिसाचे तीनच महिने उरलेले असले तरी रीतसर तपासणी करून घर देणाऱ्या मालकाला पूर्ण १२ महिने कायदेशीर संरक्षण मिळते. 'व्हिसा कमी उरलाय, दंड कोण भरणार?' या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात आहे. ते मालकाला ईमेलमध्ये शांतपणे लिहून पाठवावे. वाद घालण्यापेक्षा बरे.

फेरतपासणीत हक्क संपल्याचे दिसले तर मालकाने होम ऑफिसला कळवायचे. वेळेत कळवले की त्याचा बचाव टिकतो. त्याच रात्री कुणाला बाहेर काढायचे असा या टप्प्यावर नियम नाही. होम ऑफिसने पुढे नोटीस पाठवली, की या घरातल्या अमुक व्यक्तीला हक्क नाही, तर मात्र मालकाला करार संपवण्यासाठी पावले उचलावी लागतात. घरातल्या कुणालाच हक्क नसेल तर किमान २८ दिवसांची नोटीस देऊन घर रिकामे करून घेता येते. काहींना आहे आणि काहींना नाही, असे असेल तर प्रकरण न्यायालयाकडे जाते.

व्हिसा संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज केला असेल आणि निर्णय यायचा असेल, तर तुमचा आधीचा हक्क निर्णय लागेपर्यंत चालू राहतो. ऑनलाइन नोंदीत तो दिसला नाही तर मालक होम ऑफिसच्या लँडलॉर्ड चेकिंग सर्व्हिसकडे विचारणा करतो. कामकाजाच्या दोन दिवसांत उत्तर येते. ते होकारार्थी असले की मालकाला १२ महिन्यांचे संरक्षण. ही विचारणा मालकानेच करायची असते, भाडेकरूला ती करता येत नाही. त्यामुळे मालकाने आळस केला की अडकतो भाडेकरू. मला विचाराल तर पूर्ण योजनेतला हा सर्वात अन्यायकारक सांधा आहे.

दंड किती

१३ फेब्रुवारी २०२४ च्या आधी पहिल्या चुकीला लॉजरमागे ८० पाउंड आणि भाडेकरूमागे १,००० पाउंडपर्यंत दंड होता. त्या दिवसापासून ते आकडे ५,००० आणि १०,००० पाउंडपर्यंत गेले. चूक पुन्हा झाली तर लॉजरमागे १०,००० आणि भाडेकरूमागे २०,००० पाउंडपर्यंत. दंड माणशी आहे, घरामागे नाही. चौघे राहत असतील तर हिशोब चारने गुणून करावा. नोटीस आल्यावर आक्षेप घ्यायला २८ दिवस मिळतात आणि त्यावरच्या निर्णयाविरुद्ध काउंटी कोर्टात जाता येते.

याच्या पलीकडे फौजदारी गुन्हाही आहे. हक्क नाही हे माहीत असून, किंवा तसे मानायला सबळ कारण असून घर दिले, तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड. २०१६च्या इमिग्रेशन ॲक्टने १ डिसेंबर २०१६ पासून हे लागू केले. हे कलम जाणूनबुजून धंदा करणाऱ्यांसाठी आहे. ज्याने ठरल्या पद्धतीने तपासणी केली आणि ज्याला दाखवलेला कागद सामान्य माणसाला ओळखता येणार नाही इतका सफाईने बनवलेला खोटा होता, त्याला दंड होत नाही. मालकाने पारपत्र अधिकाऱ्याची नजर आणावी, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

भीतीची किंमत कोण मोजतो

स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या जेसीडब्ल्यूआय या संस्थेने २०१७ मध्ये घरमालकांची पाहणी केली. या योजनेमुळे परदेशी नागरिकांना घर देण्याकडे आपला कल कमी होईल, असे ५१ टक्के मालकांनी सांगितले. ब्रिटिश पासपोर्ट नसलेल्यांबाबत ४२ टक्क्यांनी. यात बेकायदा राहणाऱ्यांचा संबंधच नाही. रीतसर व्हिसावरचे, आणि पासपोर्ट कधी न काढलेले ब्रिटिश नागरिकसुद्धा यात भरडले जातात. कॅरिबियन बेटांवरून दशकांपूर्वी आलेल्या, हक्काने राहणाऱ्या पण कागद हाताशी नसलेल्या 'विंडरश' पिढीचे हाल २०१८ मध्ये उघडकीला आले तेव्हा दारोदारच्या अशा तपासण्या काय करू शकतात ते सगळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी सीमा आणि इमिग्रेशनचे स्वतंत्र मुख्य निरीक्षक डेव्हिड बोल्ट यांच्या अहवालातही या योजनेने आपली उपयुक्तता अजून सिद्ध केलेली नाही, असाच निष्कर्ष होता.

जेसीडब्ल्यूआयने प्रकरण न्यायालयात नेले. १ मार्च २०१९ रोजी हायकोर्टाचे न्यायमूर्ती मार्टिन स्पेन्सर यांनी निकाल दिला की ही योजना मानवी हक्कांशी विसंगत आहे, कारण एरवी भेदभाव न करणारे मालकही तिच्यामुळे भेदभाव करतात. सरकार अपिलात गेले. एप्रिल २०२० मध्ये कोर्ट ऑफ अपीलने निकाल फिरवला. त्यातली मेख पाहण्यासारखी आहे: योजनेमुळे काही मालक भेदभाव करतात हे त्या न्यायालयानेही मान्य केले, पण योजनेचा हेतू पाहता ती समर्थनीय ठरते, असे म्हटले. म्हणजे योजना राहिली, आणि भेदभाव करणाऱ्या मालकाविरुद्ध तुमचा हक्कही राहिला.

तो हक्क २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टचा. त्याच्या जोडीला होम ऑफिसची भेदभाव टाळण्यासाठीची वेगळी आचारसंहिता आहे. नाव किंवा रंग पाहून ठराविक लोकांचेच कागद मागणे, 'फक्त ब्रिटिश पासपोर्टवाले' अशी जाहिरात देणे, केवळ हक्क मुदतीचा आहे म्हणून नाकारणे, हे सगळे या नियमांच्या विरुद्ध आहे. तपासणी करायची तर येणाऱ्या प्रत्येकाची, गोऱ्या शेजाऱ्याचीही. कागद जमवायला वाजवी वेळ द्यावा, असेही सांगितले आहे. मात्र घर अनिश्चित काळ रिकामे ठेवायला मालक बांधील नाही.

पैशांचे एक राहिले. या तपासणीसाठी भाडेकरूकडून वेगळी फी घेता येत नाही. २०१९च्या टेनंट फीज ॲक्टने ती बंद केली. घर अडवून ठेवण्यासाठी घेतलेले होल्डिंग डिपॉझिट मात्र, जे एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त असू शकत नाही, तपासणीत हक्क नाही असे निघाल्यास मालक ठेवून घेऊ शकतो. तेव्हा डिपॉझिट भरण्याआधी स्वतःच्या खात्यात लॉगिन करून नाव, फोटो आणि मुदत बरोबर दिसते का ते पाहून घ्यावे. नोंदीत चूक असेल तर ती दुरुस्त व्हायला वेळ लागतो आणि डिपॉझिटची मुदत तोवर थांबत नाही.

नकार आलाच तर कारण लेखी मागा. फोनवर सांगितले असेल तर 'आपले असे बोलणे झाले' म्हणून त्याच दिवशी ईमेल पाठवून ठेवा. सिटिझन्स ॲडव्हाइस आणि शेल्टर या संस्था असा मजकूर पाहून प्रकरणात दम आहे की नाही ते विनामूल्य सांगतात. इक्वॅलिटी ॲक्टखाली काउंटी कोर्टात दावा करायचा तर नकाराच्या तारखेपासून ६ महिन्यांना एक दिवस कमी, एवढीच मुदत असते.